बाबांची रेघ आणि माझे तीन मॉनिटर

बाबांचा डावा डोळा माझ्या घरात पाच आठवडे बिघडत होता आणि ते पाच आठवडे मी मॉनिटरची तुलना करत होतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी जी अक्कल पाजळणार आहे ती वाचताना कुणाला माझं कौतुक वाटायला नको. तेव्हा मला वाटायचं की मी एक अवघड प्रश्न फार बारकाईने, फार मायेने सोडवतोय. माया होती, ती खोटी नव्हती. बाकी सगळा गोंधळ होता, आणि त्यातला बराचसा अजून डोक्यात तसाच पडून आहे.

बाबा नाशिकहून माझ्याकडे, हॉलंडमधल्या अ‍ॅमस्टेलव्हीनला, तीन महिन्यांसाठी आले होते. आई गेल्यानंतरची ही त्यांची पहिलीच खेप. पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं ड्राफ्ट्समन म्हणून काढली त्यांनी. कालव्यांचे नकाशे, बंधाऱ्यांचे छेद, सगळं हाताने. निवृत्त झाल्यावर आमच्या कुलवृत्तांत मंडळाने त्यांना बरोबर हेरलं. आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत पंचवीस-तीस वर्षांनी नव्याने निघतो. कोण कुणाचं मूल, कोण कुठे स्थायिक झालं, अशी पिढीवार नोंद असते त्यात. त्यातले वंशवेलीचे तक्ते बाबांच्या वाट्याला आले होते. चौकटीत नाव आणि एका चौकटीतून दुसरीत जाणाऱ्या उभ्या-आडव्या रेघा. हे काम ते एक्सेलमध्ये करायचे, कारण एक्सेल त्यांना मीच शिकवलं होतं, फोनवरून, आवाज चढवून चढवून. येताना पेनड्राइव्ह बंडीच्या आतल्या खिशात ठेवून आले. सामानात भाजणी आणि मेतकूट, आणि छातीशी अकरा पिढ्या.

मी आठवड्यातले दोन दिवस युट्रेख्टच्या ऑफिसला जातो, बाकी दिवस घरून काम करतो. घरी माझ्या टेबलावर चौतीस इंची, चांगला कमानदार वळलेला मॉनिटर होता. मी ऑफिसला गेलो की ती जागा बाबांची, आणि घरी असलो तर संध्याकाळी माझं आटोपलं की त्यांची. त्यांना तो मॉनिटर आवडला होता. नाशिकला लॅपटॉपवर तक्ता एकदम दिसायचा नाही, सरकवत बसावं लागायचं. इथे पणजोबांपासून पणतवंडांपर्यंत सगळे एका ओळीत समोर.

तिसऱ्या का चौथ्या दिवशी मी ऑफिसहून आलो तर बाबा म्हणाले, "अरे, तुझ्या या स्क्रीनवर रेघ मधे वाकते."

मी हसलो. म्हटलं, "बाबा, स्क्रीनच वाकडी आहे. कर्व्ह्ड आहे ती."

आणि मग बूटही न काढता मी त्यांना कर्व्हचं शास्त्र सांगायला बसलो. मॉनिटरच्या खोक्यावर 1000R असं लिहिलेलं असतं. आर म्हणजे रेडियस, त्रिज्या. हजार आर म्हणजे हजार मिलिमीटर त्रिज्येचं वर्तुळ घ्यायचं आणि त्याचा एक तुकडा आपल्या टेबलावर ठेवायचा. पंधराशे आर, अठराशे आर असेही मिळतात. हे समजायला मला स्वतःला विकत घेताना दोन दिवस लागले होते, कारण मी समजत होतो आकडा मोठा म्हणजे वळण जास्त. बाबांनी मला वाक्यही पुरं करू दिलं नाही.

"म्हणजे आकडा लहान तितकं वळण कडक. कालव्यासारखंच आहे की. मग बघणाऱ्याने केंद्रात बसायचं?"

"हो. बरोब्बर एक मीटरवर."

बाबांनी माझ्या बायकोच्या शिवणाच्या डब्यातली टेप मागून घेतली, खुर्ची मागे ओढली, स्क्रीनपासून कपाळापर्यंतचं अंतर मोजलं आणि ताठ बसले. थोडा वेळ बघितलं. मान एकदा डावीकडे कलती केली, एकदा उजवीकडे.

"अजून वाकतेच आहे. आणि आडवी वाकली तर मी समजू शकतो. आडव्यात वळण आहे. पण उभी का वाकावी?"

प्रश्न एकदम चोख होता. स्क्रीन डावीकडून उजवीकडे वळलेली असते. वरून खाली ती सरळच असते. म्हणजे उभ्या रेघेने वाकायचं काही कारणच नव्हतं. चौतीस वर्षं वळणं काढलेल्या माणसाने नेमक्या जागी बोट ठेवलं होतं.  आणि माझ्याकडे उत्तर नसलं की मी जे करतो तेच केलं. "ते ऑप्टिकल असतं, बाबा," असं म्हणालो आणि जेवण झाल्यावर लॅपटॉपवर एक नवी शीट उघडली.

आम्हा आयटीतल्या लोकांची ही खोड आहे, ती इथे आल्यावर आणखी वाढते. सायकल घ्यायची असो, भात शिजवायचा कुकर घ्यायचा असो, मुलांची शाळा ठरवायची असो, आधी शीट. डावीकडे पर्याय, वर निकष, रकान्यांना रंग. आमच्या ओळखीत एकाने लग्नाच्या स्थळांचीही शीट केली होती आणि ती चुकून मुलीच्या भावाला पाठवली होती. शीट केली की वाटतं आपण काहीतरी करतोय. माझ्या शीटमध्ये अकरा मॉनिटर आणि सतरा रकाने झाले. वळण किती, पॅनेल कुठलं, अक्षरं किती ठळक, कोपरे उजळतात का, डोळ्यांना त्रास किती. हा शेवटचा रकाना मी खास बाबांसाठी घातला होता आणि त्यात लोकांनी दिलेले तारे भरले होते.

पॅनेलच्या भानगडीने तर माझं डोकंच आउट झालं. आयपीएस म्हणावं तर कुठल्याही बाजूने बघा, रंग तेच राहतात, पण काळा रंग राखाडी दिसतो. व्हीए घ्यावं तर काळा खरोखर काळा, पण जरा तिरकं बसलं की रंग फिके पडतात. ओलेड म्हणजे सगळ्यात भारी, पण त्यावर बारीक अक्षरांच्या कडेला रंगीत झालर दिसते, आणि एक्सेलसारखी जाळी दिवसभर तशीच ठेवली तर ती कायमची उमटून बसते म्हणे. म्हणजे आमच्या अकरा पिढ्या स्क्रीनवर कोरल्या जायच्या. एक जण लिहितो वळणामुळे डोळ्यांना आराम मिळतो, दुसरा लिहितो वळणामुळे डोकं दुखतं, आणि दोघेही ठासून. मला कळेना की रेघ वाकते ती वळणामुळे की पॅनेलमुळे, की दोन्हीच्या मेळाने.

शेवटी मी इथल्या आमच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विचारलं. 'वडिलांना एक्सेलमध्ये रेघा वाकड्या दिसतात, कर्व्ह्ड मॉनिटर आहे, काय करावं?' दहा मिनिटांत धो धो उत्तरं. एकाने सांगितलं, व्हीए पॅनेल काढून टाक. मी कळवलं, माझं व्हीएच आहे, आणि मला एकदम धीर आला. दुसरा म्हणाला, पॅनेलचा काही संबंध नाही, हजार आर हे गेम खेळणाऱ्यांसाठी असतं, ऑफिसच्या कामाला अठराशे घ्यावं. तिसरीने ड्रायव्हर अपडेट करायला सांगितलं. एका काकूंनी मधेच अळूची पानं कुठे मिळतील ते विचारलं आणि पुढची वीस उत्तरं अळूवर गेली. किती आर, हे सगळ्यांनी विचारलं. वडिलांचं वय किती, हे एकानेही विचारलं नाही. मी तरी कुठे विचार केला होता. बाबा एकाहत्तर वर्षांचे होते.

बायको मात्र म्हणाली, "चष्म्याचा नंबर बदलला असेल त्यांचा. दाखवू या का कुणाला?"

"येण्याआधी दोन महिने नवा चष्मा केलाय," मी म्हटलं. "आणि दाखवायचं कुणाला? हाउसआर्ट्सला?"

हाउसआर्ट्स म्हणजे इथला फॅमिली डॉक्टर. त्याच्या चिठ्ठीशिवाय मोठ्या डॉक्टरकडे जाता येत नाही, आणि तो काहीही झालं तरी पॅरासिटामॉल घ्या आणि वाट बघा असं सांगतो, हा आमच्या सगळ्या गप्पांमधला हुकमी विनोद. पाय मोडला तरी पॅरासिटामॉल. मी स्वतः हा विनोद इतक्यांदा सांगितलाय की माझा त्यावर विश्वासच बसला होता. बाबाही लगेच म्हणाले, "छे, छे, डॉक्टर कशाला. परदेशात येऊन डॉक्टरकडे काय जायचं. काही असलंच तर नाशिकला गेल्यावर बघू." विषय संपला.

दुसरा मॉनिटर अठराशे आरचा. इथे घेतलेली वस्तू चौदा दिवसांत परत करता येते, कुणी कारणही विचारत नाही. त्यामुळे घ्या, लावा, बघा, परत करा. शेजाऱ्याची बाकफीट्स, म्हणजे पुढे लाकडी पेटी असलेली सायकल, उसनी घेऊन मी तो आणला. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि जिना इतका उभा की पाऊल आडवं टाकावं लागतं. खोकं छातीशी धरून चढत होतो तेव्हा बाबा वरून म्हणत होते, "सांभाळ, सांभाळ, डावीकडे पायरी अरुंद आहे." घामाघूम होऊन मी तो लावला, तक्ता उघडला आणि विचारलं, "आता?"

बाबांनी बघितलं. "बरंच बरं आहे."

मी खूष. पण दोन-तीन दिवसांनी बघतो तर ते तोंड बाजूला वळवून, कोंबडी दाण्याकडे बघते तसे, एका कडेने स्क्रीनकडे बघत बसलेले. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "तसं ठीक आहे रे. पण मधे जरा रेघ पोटात घेतल्यासारखी दिसते. मधलं नाव थोडं पुसट. मलाच सवय नसेल."

मलाच सवय नसेल. हे वाक्य ऐकून मला माझी चूक कळायला हवी होती. मला कळलं ते असं की अठराशे आरही पुरेसं सपाट नाही. मला आतून थोडा रागही आला होता, तोही सांगतो. इतकं करतोय, तरी यांचं समाधान होत नाही, असा. चेहऱ्यावर आला असणार तो. मी लपवतो म्हणतो, पण माझं नाक लाल होतं असं बायको सांगते.

तिसरा मॉनिटर सपाट. सत्तावीस इंची, आयपीएस, माझ्या शीटमध्ये सगळे रकाने हिरवे असलेला एकमेव. दुसरा खाली नेला, परत केला, तिसरा वर आणला. त्या दिवशी पाऊस होता आणि खोक्याला माझं रेनकोटचं जाकीट घातलं होतं, मी भिजत. बाबा दार उघडून उभे. त्यांनी टॉवेल पुढे केला.

"सपाट म्हणजे त्रिज्या अनंत," ते म्हणाले. "आता काही वाकायचा प्रश्नच नाही."

मी तक्ता उघडला. ते खुर्चीत बसले. मी त्यांच्या मागे उभा होतो, त्यामुळे मला त्यांचा चेहरा दिसला नाही.

"झकास," बाबा म्हणाले. "एकदम सरळ."

मी ग्रुपवर लिहून टाकलं, 'सॉल्व्ह झालं, सपाट आयपीएस घ्या.' चौदा अंगठे आले. त्या रात्री मी निवांत झोपलो.

त्यानंतरचे दहा-बारा दिवस मला नीट लावता येत नाहीत. बाबा मॉनिटरसमोर कमी बसायला लागले. खिडकीशी बसायचे, समोरच्या कालव्यातली बदकं बघायचे. विचारलं की म्हणायचे, दमलो. मला वाटलं आईची आठवण येत असेल, आणि मी त्यावर काही बोललो नाही, कारण त्यावर काय बोलायचं ते आम्हा दोघांनाही कधी जमलेलं नाही. मग एक दिवस मंडळाच्या कार्यवाहांचा पुण्याहून फोन आला. बाबांनी पाठवलेल्या तक्त्यात एका घरातले दोन मुलगे शेजारच्या चौकटीला जोडले गेले होते. म्हणजे बापाकडून उचलून काकाला दिलेले. त्या घरातल्यांनी कच्चा तक्ता बघितला आणि जाम चिडले. कार्यवाह हसत हसतच सांगत होते, पण बाबांचा चेहरा उतरला. फोन ठेवल्यावर म्हणाले, "चौतीस वर्षांत माझ्या नकाशावर एकदाही शेरा आला नव्हता." थोड्या वेळाने म्हणाले, "हे काम आता दुसऱ्या कुणाला तरी द्या म्हणतो."

आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, "बाबा, झूम वाढवून देतो ना." आपली लोकं म्हणतात ना, रोग म्हशीला आणि औषध पखालीला. तशी गत. मी पखालीचे सतरा रकाने केले होते.

डोळे उघडले ते स्वयंपाकघरात. माझा घरून काम करायचा दिवस होता, दुपारचा चहा टाकला होता. ओट्यामागच्या भिंतीवरच्या पांढऱ्या टाइल्स मी मागच्या वर्षी स्वतः बसवल्या होत्या. इथे कारागीर मिळत नाही, मिळाला तर तीन महिन्यांनी येतो, त्यामुळे आम्ही सगळे आपापलं शिकतो. बाबा मटार सोलत बसले होते. भिंतीकडे बघून म्हणाले, "हे तू केलंस ना? चांगलं जमलंय. मधली ओळ जरा दबलीय, पण पहिल्या खेपेला तेवढं चालायचंच."

मला लागलं ते. त्या टाइल्ससाठी मी दोन शनिवार-रविवार घातले होते. म्हटलं, "कुठली ओळ?"

"ही काय. मधली."

मी खणातून पाणसळ, म्हणजे ती बुडबुड्याची लेव्हल, काढली, मधल्या ओळीवर धरली. बुडबुडा बरोब्बर मधोमध. "बघा. सरळ आहे."

बाबांनी बघितलं. मग मटाराचं ताट बाजूला ठेवलं आणि सावकाश उजव्या तळव्याने उजवा डोळा झाकला. मग तो हात काढला आणि डाव्या तळव्याने डावा झाकला. असं दोनदा केलं.

"या डोळ्याने सरळ आहे," ते म्हणाले. उजव्याने, म्हणजे.

चहा उतू गेला. मी पाणसळ हातात धरून उभा होतो. टाइलला आर नसतो. टाइलला पॅनेल नसतं. भिंतीवर पाच बाय पाच इंचाची ती मुकाट वस्तू आहे, आणि ती बाबांना वाकडी दिसत होती. पाच आठवडे माझ्या डोक्यात जे चाललं होतं ते सगळं एकदम पायाशी येऊन पडलं, आणि तरी पहिला विचार काय आला सांगू? की कदाचित टाइलच्या चकाकीमुळे असेल. माणूस किती गाढव असावा याला काही मर्यादा आहे की नाही.

हाउसआर्ट्सच्या दवाखान्यात फोन केला. फोनवर डॉक्टर नव्हत्या, त्यांची सहायक होती, आवाजावरून तरुण. मी माझ्या मोडक्या डचमध्ये मॉनिटरपासून सुरुवात केली. तिने मला थांबवलं. रुग्णाचं वय किती? सरळ रेघा वाकड्या दिसतात का? एक डोळा झाकून बघितलं का, एकाच डोळ्याने दिसतात का? तीन प्रश्न, अर्धा मिनिट. मी तीन मॉनिटर, सतरा रकाने आणि चौदा अंगठे घेऊन जिथे पोचलो नव्हतो तिथे ती अर्ध्या मिनिटात पोचली. म्हणाली, आत्ता निघा. पॅरासिटामॉलचं नावही काढलं नाही. हाउसआर्ट्सने बघून हॉस्पिटलला फोन लावला आणि त्याच दिवशी, पाचच्या आत, आम्ही डोळ्यांच्या विभागात बसलो होतो. ट्रॅममध्ये बाबा म्हणाले, "उगाच तुझा कामाचा दिवस मोडला."

डोळ्यांच्या डॉक्टर साधारण माझ्याच वयाच्या, उंच, हळू बोलणाऱ्या. बाबांना इंग्रजी समजतं म्हणून त्या इंग्रजीत बोलत होत्या. थेंब घातले, मशीनसमोर हनुवटी टेकवायला लावली, फोटो काढले. मग विचारलं, हे कधीपासून होतंय?

"चार-पाच दिवस," बाबा पटकन म्हणाले.

मी त्यांच्याकडे बघितलं. ते समोर बघत होते. मला क्षणभर खरंच कळेना की काय करावं. त्यांनी मला वाचवायला खोटं सांगितलं होतं, आणि ते खोडायचं म्हणजे परक्या बाईसमोर वडिलांना खोटं पाडायचं. मी डचमध्ये म्हणालो, पाच आठवडे. मला वाटलं स्क्रीनचा दोष आहे. डॉक्टरांनी मान हलवली आणि लिहून घेतलं. त्या रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मग त्यांनी बाबांना चौकड्यांचा एक कागद दिला, मधे ठिपका असलेला. एक डोळा झाकून ठिपक्याकडे बघा आणि रेघा जिथे वाकड्या दिसतात तिथे पेनने काढून दाखवा. बाबांनी खिशातून स्वतःचं पेन काढलं. डावा डोळा उघडा ठेवून त्यांनी ठिपक्याच्या बाजूने रेघा काढल्या, आणि मला पहिल्यांदा दिसलं ते काय बघत होते ते. मॉनिटरच्या वळणाशी त्याचा काही संबंध नव्हता. कडेला सगळं सरळ, आणि मधोमध, ठिपक्याच्या आसपास, जाळी आत ओढली गेली होती, चादरीवर कुणी मूठ दाबावी तशी. उभ्या रेघाही, आडव्याही. पाच आठवड्यांत मी त्यांना कितीदा विचारलं होतं की कुठल्या स्क्रीनवर वाकते. कशी वाकते, काढून दाखवा, असं एकदाही म्हणालो नव्हतो. ज्या माणसाने आयुष्यभर काढून दाखवण्याचंच काम केलं त्याला.

बाबांना मात्र त्यात रस वाटायला लागला होता. त्यांनी कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर एकाखाली एक तीन रेघा काढल्या, पट्टीशिवाय. पहिलीला मधे अगदी बारीक खाच. दुसरीला मोठी. तिसरी मधे पार खाली गेलेली आणि तळाशी तुटलेली. बाजूला त्यांच्या त्या नकाशावरच्या सुबक अक्षरांत लिहिलं: १०००. १८००. सपाट.

"असं वाढत गेलं," ते डॉक्टरांना म्हणाले.

मी तिसऱ्या रेघेवर बोट ठेवलं. "बाबा, या सपाटवर तुम्ही झकास म्हणालात. एकदम सरळ म्हणालात."

"तू दोनदा बदलून आणलास," बाबा म्हणाले. "तिसऱ्यांदा कसं सांगणार?"

डॉक्टर आमच्याकडे बघत थांबल्या होत्या, मी भाषांतर करीन म्हणून. मी केलं नाही. मला ते कुठल्याही भाषेत तोंडातून काढता आलं नसतं. आणि शिवाय मला रडू येत होतं, ते आवरायचं होतं. आपल्याकडे लेकाच्या घरी गेलेला बाप ताटातलं मीठही मागत नाही, हे मला काय माहीत नव्हतं? आजोबा आमच्याकडे यायचे तेव्हा बाबाच वैतागायचे की काही हवं-नको सांगत नाहीत म्हणून. माहीत असून मी बाबांना मॉनिटरसमोर बसवून, मागे उभा राहून, भिजलेल्या कपड्यांत विचारत होतो, आता कसं दिसतंय.

डोळ्याच्या आतल्या पडद्यामागे रक्तवाहिन्या गळत होत्या. वयाने होतं. थेट डोळ्यात इंजेक्शन द्यावं लागतं, दर महिन्याला, बरेच महिने. उजवा डोळा चांगला होता. डाव्यातलं जे गेलं त्यातलं काही परत येईल, काही येणार नाही, पण पुढचं वाचवता येईल. मी विचारलं, पाच आठवडे आधी आलो असतो तर? डॉक्टरांनी फोटो पुन्हा एकदा बघितले. म्हणाल्या, नक्की सांगता येत नाही. फरक पडला असता, कदाचित. या आजारात लवकर येणं चांगलं. त्या 'कदाचित'चं मी काय करू ते मला समजलेलं नाही. पूर्ण 'हो' म्हणाल्या असत्या तर निदान गुन्हा कबूल करून मोकळा झालो असतो. 'नाही' म्हणाल्या असत्या तर सुटलो असतो. हे मधलंच आहे.

पहिलं इंजेक्शन त्याच आठवड्यात झालं, दुसरं जायच्या आधी. बाबा एकदाही हाय म्हणाले नाहीत, म्हणजे दुखलं की नाही तेही मला माहीत नाही. नाशिकला बहीण जवळ राहते, ती आता त्यांना दर महिन्याला नेते. वंशवेलीचं काम त्यांनी सोडलं नाही, माझ्या बायकोने सोडू दिलं नाही. "उजव्या डोळ्याने करा, आणि छापायच्या आधी मला दाखवा, मी तपासते," असं तिने बजावलं, आणि तिचं ते ऐकतात.

मी मात्र त्यांना आता कसं दिसतंय असं विचारत नाही. त्या प्रश्नाचं उत्तर काय येणार ते मला माहीत आहे. त्याऐवजी मी सांगितलंय: दर रविवारी उजवा डोळा झाकायचा, दाराच्या चौकटीकडे डाव्या डोळ्याने बघायचं, जशी दिसते तशी रेघ कोऱ्या कागदावर काढायची आणि फोटो पाठवायचा. बोलायचं काही नाही. बाबा नेमाने पाठवतात. कागदाच्या कोपऱ्यात तारीख, खाली लफ्फेदार सही, खात्यात करायचे तशी. सुरुवातीच्या रेघांना मधे चांगली खाच होती. मग ती उथळ झाली. पुढच्या महिन्यात आणखी उथळ. मी सगळे फोटो एका फोल्डरमध्ये ठेवलेत, शीट केलेली नाही.

गेल्या रविवारी आलेली रेघ सरळ आहे. अगदी सरळ, मी फोटो मोठा करून काठाशी पट्टी लावून बघितली. बायकोला दाखवली, तिला आनंद झाला, बहिणीला फोन लावायला निघाली. मलाही आनंदच व्हायला हवा होता. पण चौतीस वर्षं पट्टीशिवाय रेघा काढलेला हात आहे तो, दोन्ही डोळे मिटले तरी सरळच काढेल. तो फोटो मी आठवडाभर उघडून बघतोय. ती रेघ बाबांनी डोळ्याने काढलीय की माझ्यासाठी, ते मला काही केल्या कळत नाही.